प्रिंटकाका

दुबईच्या देऱ्यात दहा वर्षं काढलेल्या मराठी माणसाला कशात तरी तज्ज्ञ व्हावंच लागतं. कुणी गोल्ड सूकमधल्या बावीस कॅरेटच्या भावात होतो, कुणी तीस किलोच्या बॅगेत छत्तीस किलो बसवण्यात, कुणी मुरक्काबातच्या गल्लीत रात्री आठनंतर गाडी कुठे घुसेल हे सांगण्यात. या मंडळींचा दुसऱ्याला काही उपयोग तरी होतो. प्रिंटकाकांचा विषय प्रिंट.

हे एका माणसाचं नाव नव्हे. रिग्ग्यापासून नायफपर्यंत चार इमारती सोडून एक प्रिंटकाका सापडतो. साठीला टेकलेला, कुठल्या तरी ट्रेडिंग कंपनीत अकाउंट्स सांभाळणारा, मूळचा चिपळूणचा नाहीतर डोंबिवलीचा. त्याला "सिनेमा कसा होता हो?" असं विचारलं की उत्तर येतं, "ट्रान्सफर सुरेख आहे." गोष्ट, नट, गाणी असले किरकोळ विषय तो घरच्यांवर सोडतो.

सुरुवात साधीच असते. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तो इथे उतरला आणि पहिल्या पगारात नासर स्क्वेअरला (पाटीवर बनियास, तोंडात नासर) जाऊन पाल, सेकाम, एनटीएससी असं सगळं चालवणारा व्हीसीआर घेऊन आला. तेव्हाच्या हिंदी कॅसेटमध्ये नायिकेच्या गळ्याखालून दुबईच्या 'अल मन्सूर व्हिडिओ'चं नाव झळकायचं, आणि त्याचं कुणालाच काही वाटत नसे. उलट कॅसेट 'बाहेरची' असल्याचा तो पुरावा होता. मग व्हीसीडी आली. 352 बाय 288 ठिपक्यांचं चित्र आणि ऐंशी मिनिटांत दम तोडणारी तबकडी, त्यामुळे नायकाने मारायला उचललेला हात तबकडी बदलेपर्यंत वरच. मग डीव्हीडी, मग ब्लू-रे. दर वेळी तेच सिनेमे पुन्हा विकत. एका सिनेमाला चार वेळा पैसे मोजणारा हा माणूस भाजीवाल्याशी अर्ध्या दिरहमसाठी हुज्जत घालतो, हे काकूंचं निरीक्षण.

प्रिंटकाकांच्या घरी सणवार दोन प्रकारचे. एक कालनिर्णयमधले, दुसरे पार्सल येण्याचे. इथे टपालाने येणारं पत्र-पार्सल सहसा घरी येत नाही, कंपनीच्या पोस्ट बॉक्सात पडतं. त्यामुळे अमेरिकेहून सिनेमांच्या तबकड्या काढणाऱ्या 'क्रायटेरियन'चा खोका आला, की तो आधी ऑफिसबॉय हलवून बघतो, मग एचआर. "साहेब, पुन्हा सीडी?" या प्रश्नाने काका रक्तबंबाळ होतात.

परवाचा सण 'इलेक्शन'चा होता. अलेक्झांडर पेन यांचा 1999 चा सिनेमा, टॉम पेरोटा यांच्या कादंबरीवरून. अमेरिकेतल्या ओमाहाच्या एका हायस्कुलात विद्यार्थी-अध्यक्षपदाची निवडणूक, पदासाठी जन्मलेली ट्रेसी फ्लिक म्हणजे रीझ विदरस्पून, आणि तिला पाडायला निघालेला मास्तर म्हणजे मॅथ्यू ब्रॉडरिक. 'क्रायटेरियन'ने 2017 मध्ये त्याची फोर-के रिस्टोर केलेली आवृत्ती काढली, ती मिळवायला काकांना इतका उशीर झाला याचं कारण काकू.

पण मुहूर्ताला प्लेअर अडला. ब्लू-रेच्या जगाची तीन रिजनमध्ये वाटणी आहे: अमेरिका ए, युरोपासकट आखात बी, भारत सी. तबकडी ए, प्लेअर बी, काका मूळचे सी. रिमोटवर गुप्त आकडे दाबले, मुर्शिद बाजाराजवळच्या मल्याळी पोराला फोन झाला, तो झोन-फ्री प्लेअर घेऊन आला आणि जाताना दीडशे दिरहम घेऊन गेला.

पाहुण्यांना आमंत्रण देताना काकांनी "शाळेवरचा विनोदी सिनेमा आहे" एवढंच सांगितलं होतं. लोक पोराबाळांसकट आले. सिनेमा हायस्कूलचा असला तरी हायस्कूलच्या पोरांसाठी नाही, हे पहिल्या काही मिनिटांत, एका शिक्षकाचं विद्यार्थिनीशी भलतंच प्रकरण निघालं तेव्हा समजलं. सगळी मुलं ताबडतोब बेडरूममध्ये गृहपाठाला गेली. सुटीच्या दिवशी.

"वर-खाली काळं का दिसतंय?" पाहुण्यांपैकी एकाने विचारलं. पासष्ट इंची टीव्ही शॉपिंग फेस्टिव्हलात घेतलेला, त्यातला एवढा भाग वाया जातोय हे कोकणी मनाला बघवेना. काकांनी सिनेमा थांबवून 2.39 ला 1 हे गुणोत्तर समजावलं. मग चित्रातले बारीक दाणे कुणाला तरी खटकले, तेव्हा पुन्हा थांबवला. "तो ग्रेन आहे! बेसनाच्या लाडवात रवाळपणा असतो तसा. तो घासून काढला की माणसं मेणाची दिसतात." मूळ फिल्म स्कॅन करायची, धूळ, ओरखडे, सांध्यांचे धक्के काढायचे, पण ग्रेनला हात लावायचा नाही, हा त्यांचा धर्म. याच ओघात ते पुण्यावर आले. 8 जानेवारी 2003 ही तारीख त्यांना लग्नाच्या तारखेपेक्षा पक्की पाठ आहे. त्या दिवशी जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात फिल्म संग्रहालयाची नायट्रेट रिळं जळाली. हे सांगताना त्यांचा आवाज खरोखर बसतो, आणि इथे मात्र कुणाला त्यांना हसावंसं वाटत नाही. मग "आपल्या 'दहावी फ'ची फोर-के कधी निघणार?" असं त्यांनी समोसा खाणाऱ्या माणसाला दरडावून विचारलं.

एवढं होईतो काकू सिनेमा बघत होत्या. बायका सगळ्या बघत होत्या. मास्तर मतमोजणीत ट्रेसीची दोन मतं चुरगाळून केराच्या टोपलीत टाकतो, तिथे हॉलमध्ये अशी शांतता पसरली की काकांना वाटलं, साउंडट्रॅक गेला. त्यातल्या एका बाईंची मुलगी इथल्या भारतीय शाळेत हेड गर्लला उभी होती, आणि दुसऱ्या बाई मराठी मंडळाच्या कार्यकारिणीला. तिसऱ्या बाई मागच्या वर्षी मतं मोजायला बसल्या होत्या, त्यांनी चटणी मागितली.

"काळ्या रंगात तपशील बघा," काका म्हणाले.

शेवट झाल्यावर काकांनी एक माहिती पुरवली, आणि तीच त्यांना भोवली. या सिनेमाचा आधी वेगळा शेवट चित्रित झाला होता. मास्तर गाड्या विकतोय आणि ट्रेसी त्याला भेटायला येते, कादंबरीत आहे तसा. प्रायोगिक खेळात लोकांना तो रुचला नाही, म्हणून बदलला. तो मूळ शेवट 2011 मध्ये लोकांसमोर आला, तोही जुन्या बाजारात मिळालेल्या एका व्हीएचएस कॅसेटवरून.

"कॅसेटवरून?" काकू म्हणाल्या.

"हो, म्हणजे प्रिंट अगदी बेकार..."

"आणि आपल्या कॅसेटी? शाळेच्या गॅदरिंगची, बारशाची? फंगस लागलाय म्हणून मागच्या शिफ्टिंगला तुम्हीच इमारतीच्या नातूरला देऊन टाकल्यात ना?"

पाहुण्यांना अचानक मेट्रोची वेळ आठवली. काकांनी विषय बदलला. त्यांना तो एकाच दिशेला बदलता येतो. आता यूएचडी तबकडी घ्यायची म्हणाले, तिला रिजनची भानगडच नसते, शिवाय डॉल्बी व्हिजन.

"त्यात गोष्ट वेगळी आहे का?" काकूंनी प्लेटा गोळा करत विचारलं.

"गोष्ट तीच गं. काळा वेगळा."