पुरुष दुहेरी नजरेआड कशी ठेवावी : जयपूरच्या भावी संयोजकांसाठी

फेब्रुवारी 2024 मध्ये चेन्नई, बंगळुरू, पुणे आणि दिल्ली या शहरांत ओळीने चार आठवडे एटीपी चॅलेंजर, म्हणजे पुरुषांच्या मुख्य टूरच्या एक पायरी खालच्या, टेनिस स्पर्धा झाल्या. त्या रांगेत जयपूर नव्हते. जयपूरला हिवाळ्यातले कोरडे आकाश आहे, जय क्लब आहे, आणि पाहुणचारात तर राजस्थानशी स्पर्धा करायला कोणी जाऊच नये. तेव्हा उद्या तिथे कोणी चॅलेंजर भरवायचे मनावर घेतलेच, तर त्यातले खरे अवघड काम आधीच सांगून ठेवलेले बरे. प्रायोजक गाठता येतो, कोर्ट रंगवून घेता येते, परदेशी खेळाडूंच्या पोटाचीही काळजी घेता येते. पण भारतात टेनिस स्पर्धा भरवायची आणि पुरुष दुहेरीकडे कोणाचे लक्ष जाऊ द्यायचे नाही, याला कसब लागते. कारण या देशातल्या पुरुष टेनिसचे गेल्या 30 वर्षांतले बहुतेक वैभव नेमके तिथेच साठलेले आहे.

झाकायचे किती आहे, याचा अंदाज आधी घ्यावा. 1999 मध्ये लिअँडर पेस आणि महेश भूपती दुहेरीत चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत पोहोचले आणि त्यांतल्या दोन जिंकले. जानेवारी 2024 मध्ये रोहन बोपण्णाने 43 व्या वर्षी मॅथ्यू एब्डनसह ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली आणि तो दुहेरीत जगात पहिला झाला. त्याच वर्षी एकेरीत आपला सर्वोत्तम खेळाडू सुमित नागल 68 व्या क्रमांकापर्यंत चढला आणि आपण तेवढ्यावरही, रास्तपणे, खूश झालो. मराठी माणसाला तर हे झाकणे आणखी जड जाईल. 1994 च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत पेससोबत सुवर्णपदक घेणारा गौरव नाटेकर दुहेरीतच खेळत होता, आणि पुण्याच्या अर्जुन कढेने ऑक्टोबर 2024 मध्ये ऋत्विक बोल्लिपल्लीसह अल्माटीला एटीपी टूरवरचे पहिले विजेतेपद मिळवले तेही दुहेरीतच.

सुदैवाने नियम संयोजकांच्या बाजूने आहेत. चॅलेंजरच्या दुहेरीत 16 जोड्या, म्हणजे चार सामने जिंकले की करंडक. 40-40 झाले की ड्यूसची ओढाताण नाही, एकाच गुणावर गेम संपतो. तिसरा सेट नाही, त्याऐवजी दहा गुणांचा टायब्रेक. हे असेच घडलेले नाही, त्यामागे तपश्चर्या आहे. 2005 मध्ये एटीपीने दुहेरीचे सेट आखूड करण्याचा आणि पुढे जो एकेरीत खेळतो त्यालाच दुहेरीत प्रवेश देण्याचा घाट घातला होता. दुहेरीवाले थेट कोर्टात गेले (इथे न्यायालय या अर्थाने), मग तडजोड झाली, आणि या आखूड मोजणीवर भागले. मात्र या सोयीत एक धोका लपलेला आहे. 40-40 वर सर्व्हिस कोणत्या बाजूने घ्यायची ते परतवणारी जोडी ठरवते, दोघे नेटजवळ तोंडावर हात धरून कुजबुजतात, आणि एका व्हॉलीवर गेम इकडचा तिकडे जातो. असे दोनतीनदा घडले की चुकून आलेला प्रेक्षकही खुर्चीत बसून राहतो. म्हणून हे सामने सगळ्यांत कडेच्या कोर्टवर लावावेत, एकेरी आटोपल्यावर, आणि खुर्च्या तिथून आधीच हलवाव्यात.

यावर कोणी म्हणेल की लपवायचे कशाला, लोक येतातच मुळी एकेरीसाठी. आक्षेप वजनदार आहे, पण पुण्याचा हिशेब त्याच्या आड येतो. टाटा ओपन महाराष्ट्र ही स्पर्धा चॅलेंजरहून वरच्या दर्जाची. बालेवाडीला 2018 ते 2023 दरम्यान ती पाच वेळा झाली. एकेरीच्या अंतिम फेरीत एकदाही भारतीय नव्हता. दुहेरीत 2019 मध्ये बोपण्णा आणि दिविज शरण जिंकले, 2022 मध्ये बोपण्णा आणि रामकुमार रामनाथन. 2023 मध्ये श्रीराम बालाजी आणि जीवन नेदुंचेळियन उपविजेते ठरले. आपल्या माणसाला पाहायला आलेल्या प्रेक्षकाला शेवटच्या दिवसांत जायला एकच कोर्ट उरत होते. लोक एकेरीला येतात हे खरे, पण त्यांना दुसरीकडे बोट दाखवले तरी कोणी होते?

दुसरा आक्षेप अधिक खानदानी : दुहेरी म्हणजे एकेरीत न जमलेल्यांचा आश्रम. युकी भांब्रीकडे पाहावे. 2009 मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनचे ज्युनियर विजेतेपद, 2018 मध्ये एकेरीत 83 वा क्रमांक, मग दुखापती, मग दुहेरी, आणि 2025 मध्ये मायकेल व्हीनससह यूएस ओपनची उपांत्य फेरी. ज्या शरीराने एकेरीला नकार दिला त्याच शरीराने ग्रँड स्लॅमच्या शेवटच्या चार जोड्यांत जागा मिळवली. एवढे करणाऱ्याला न जमलेला म्हणायचे, तर जमणे म्हणजे काय ते संयोजकांनी माहितीपुस्तिकेत छापावे.

जयपूरकरांनी एका जुन्या घटनेपासून मात्र सावध राहावे. फेब्रुवारी 1996 मध्ये याच शहरात, हिरवळीवर, भारताने डेव्हिस चषकात नेदरलँड्सला 3-2 असे हरवले. डेव्हिस चषकाच्या त्या जुन्या पद्धतीत मधला संपूर्ण दिवस एकट्या दुहेरीचा असे. बघायला दुसरे काहीच नसल्यामुळे लोक दुहेरी बघत आणि जाणकार होत. चॅलेंजरमध्ये ही भीती नाही. दुहेरीची अंतिम लढत बहुधा शनिवारीच उरकते आणि रविवार एकेरीला मोकळा राहतो. तरीही एखादी भारतीय जोडी जिंकलीच, तर वर्तमानपत्रांसाठीचे निवेदन आधीच तयार ठेवावे : ‘एकेरीत भारताचे आव्हान संपुष्टात’ असा मथळा, खाली हरलेल्यांची सविस्तर हकिगत, आणि जागा उरल्यास शेवटच्या ओळीत विजेत्यांची नावे, शक्यतो फक्त आडनावे.