पायांचा खाडा

दाभोळची खाडी ओलांडायला फेरीबोट, जयगडची ओलांडायला पुन्हा फेरीबोट, आणि उरलेली सगळी वाट चढ-उतारांची. कोकणात सायकलवाल्याला सपाट जमीन मिळते ती फक्त बोटीवर, अशी माझी पक्की समजूत झाली होती. आरे-वारेच्या चढाने दमून रत्नागिरीत शिरलो, तेव्हा उद्या आपण हलायचं नाही हे गुडघ्यांनी मला न विचारता परस्पर ठरवून टाकलं होतं.

पण खाडा करणं वाटतं तितकं सोपं नसतं. रोज गजर दोनदा दाबणारा मी त्या दिवशी पहाटे पाचलाच टक्क जागा. झोपेला मोकळीक दिली की ती माहेरी निघून जाते. मग कपडे धुतले, लॉजच्या गच्चीवर वाळत घातले. दमट वाऱ्यात ते नुसते हलत राहिले, वाळायचं त्यांच्या मनात दिसेना. जुना टूथब्रश डिझेलमध्ये बुडवून चेन घासली. दाभोळपासूनची सगळी लाल माती काळी होऊन बोटांवर आली. मग देवांना गंध लावावं तसा एकेका कडीवर तेलाचा एकेक थेंब सोडला. पोटाला मात्र खाड्याचं कुणी कळवलंच नव्हतं. त्याने घाट चढायच्या तयारीनेच घावन आणि चटणी मागवली, वर पुन्हा मागवली. गल्ल्यावरचे काका कौतुकाने म्हणाले, "आज मुक्काम ना? मग थिबा राजवाडा बघून या की. सायकल आहेच तुमच्याकडे!"

मी चालत गेलो. पोटऱ्यांना हे नवं काम मुळीच पसंत पडलं नाही.

ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. १८८५ साली इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि पुढच्या वर्षी राजा, राणी आणि मुली यांना रत्नागिरीत आणून ठेवलं. हा राजवाडा उभा राहिला तो १९१० मध्ये. तोवर इतकी वर्षं दुसऱ्या बंगल्यांत गेलेली. त्या अर्धगोल खिडक्यांखाली उभा असताना मला सकाळची माझी चुळबुळ आठवली आणि थोडं ओशाळल्यासारखं झालं. मला एक दिवस निवांत बसवेना, आणि या माणसाला तीस वर्षं सक्तीची विश्रांती. घर होतं, तनखा होता, समोर समुद्र होता. पुढचा मुक्काम तेवढा नव्हता. उद्या निघायचं म्हणून चाकात हवा भरण्याचं साधं सुख कुठल्या सरकारी तनख्यात बसतं? तो वारला १९१६ साली, इथेच. समाधीही रत्नागिरीतच आहे.

जवळच्या थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी दिसते, तिच्यावरचा पूल दिसतो, आणि पलीकडे पावसकडे चढत जाणारा रस्ता. एरवी असा चढ दिसला की मी मनातल्या मनात दोन शिव्या घालतो. त्या संध्याकाळी मात्र तो उद्या आपल्या वाट्याला आहे म्हणून बरं वाटलं. गुडघ्यांना काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना पूल ओलांडला तेव्हा पायांत मोजे ओलेच होते. तेव्हा कोकणात खाडा करणार असाल, तर कपडे पोचल्या रात्रीच धुऊन टाका.