बारा पॉइंट सहा

तुमच्याही ओळखीत असा एक असणारच. नवी गाडी घेतली की चाकातल्या हवेवर ज्याचा जास्त जीव, आणि गाण्याच्या मैफलीत जो गवयाकडे पाठ करून स्पीकरच्या वायरी न्याहाळतो, तो. आमचे आप्पा त्याच जातकुळीतले. फक्त त्यांच्याकडे शिडाची बोट आहे. म्हणजे सव्वीस फुटी बोटीचा एक तृतीयांश वाटा आहे. उरलेले दोन वाटेकरी आप्पांच्या कृपेने हल्ली तिकडे फिरकत नाहीत.

पहिल्यांदा त्यांनी बोलावलं तेव्हा मी टोपी, गॉगल, डब्यात थालीपीठ अशा तयारीने अपोलो बंदरावर हजर झालो. वाऱ्यावर मांडव्यापर्यंत जायचं, केवढी कल्पना! बोटीवर पाय ठेवला आणि आप्पा केबिनमध्ये उतरले, जिन्याच्या दोन पायऱ्या उचलून बाजूला ठेवल्या आणि आत घुसले. बाहेर फक्त त्यांची पाठ. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "बारा पॉइंट सहा!" मला वाटलं, वाऱ्याचा वेग.

वाऱ्याकडे आप्पा कधीच बघत नाहीत. बारा पॉइंट सहा म्हणजे बॅटरी. पाण्याची, शिसं-आम्लवाली बॅटरी पूर्ण चार्ज करून काही तास निवांत ठेवली की मीटरवर १२.६ किंवा किंचित वर दिसतं. १२.२ म्हणजे अर्धी संपली, आणि त्याखाली वरचेवर उतरवणं आप्पांच्या लेखी गोहत्येच्या पंक्तीतलं. म्हणजे शंभर अँपियर-अवरची बॅटरी विकत घ्यायची आणि पन्नासच वापरायचे. मी म्हटलं, "आप्पा, मग पन्नासचीच घ्या ना!" तो दिवस माझ्याशी ते बोलले नाहीत.

हळूहळू लक्षात आलं की आप्पांचं सगळं जगच व्होल्टमध्ये चालतं. सोसायटीचे सेक्रेटरी अकरा पॉइंट आठ, म्हणजे उठवून फायदा नाही. आमच्या पुतणीच्या साखरपुड्यात नवरा मुलगा पाहून मी म्हटलं, "छान वाटतो." आप्पा कानाशी लागले, "आत्ता बारा पॉइंट सहाच दाखवणार. निवांत बसलेला व्होल्टेज फसवा असतो. लोड टाकून बघ." तीन वर्षांनी जावईबापू नोकरी सोडून घरी बसले तेव्हा आप्पांनी नुसती मान हलवली.

बॅटरी घ्यायला त्यांच्याबरोबर जाऊ नये. मी गेलो. दुकानदार म्हणाला, "काका, ही घ्या, गाडीची आहे, मस्त चालेल." आप्पा खुर्ची ओढून बसले. गाडीची बॅटरी म्हणजे दहीहंडीचा गोविंदा, प्लेटा पातळ, पाच सेकंद जोर लावून इंजिन उचललं की काम झालं. बोटीवर रात्रभर दिवे, रेडिओ, पंप चालवायचे तर जाड प्लेटांचा वारकरी पाहिजे, सावकाश चालणारा आणि रोज चालणारा. म्हणून इंजिन सुरू करायला गोविंदा वेगळा, घरखर्चाला वारकरी वेगळा, आणि दोघांच्या पिशव्या एकत्र करायच्या नाहीत. दुकानदाराला एवढं निरूपण फुकट मिळालं. मग आप्पांनी बनल्याची तारीख विचारली, आणि ती सांगितल्यावर खोक्यावर स्वतः शोधून वाचली.

एकदा एक पाहुणे आले होते, सकारात्मक विचारांच्या शिबिरांत रमणारे. आप्पा पाना हातात घेऊन त्यांना समजावत होते, "काढताना आधी निगेटिव्ह काढायचं. लावताना मात्र ते शेवटी." पाहुण्यांनी डोळे मिटले. "वा," म्हणाले, आणि खिशातल्या वहीत लिहून घेतलं. खरं कारण साधं होतं. निगेटिव्ह सुटलेलं असलं की पाना चुकून इंजिनाला टेकला तरी ठिणगी उडत नाही. आणि चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा तिथे ठिणगी नकोच. हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की पेटायला पुरतो. म्हणून खोक्याला वर झरोका, आणि आप्पांच्या बोटातली लग्नाची अंगठी कामाआधी व्हॅसलिनच्या डबीत. ती डबी दोनदा समुद्रात पडली. माईंनी चौथी अंगठी करून देणार नाही असं बजावलं आहे.

हे वेड आलं कुठून, ते त्यांच्या वाटेकऱ्याने सांगितलं. फार वर्षांपूर्वी दिवाळीत तिघंही गावाला गेले. मागे बोटीत कुठूनसं थेंब थेंब पाणी येत होतं आणि तळाचा पंप आपोआप चालू होऊन ते बाहेर फेकत होता. तीन आठवडे फेकलं बिचाऱ्याने. मग बॅटरी संपली, आणि पाण्याला कोणी विचारणारं उरलं नाही. आप्पा परतले तेव्हा केबिनमध्ये गुडघाभर पाणी आणि वर तरंगणारी उशी. खारं पाणी बॅटरीत शिरलं तर क्लोरीन वायू होतो, पाणबुडीवाल्यांना त्याची पूर्वापार धास्ती, हे आप्पांना तेव्हा कळलं. आता बॅटरी उंच फळीवर, प्लास्टिकच्या पेटीत, पट्ट्याने अशी आवळलेली की बोट उलटी झाली तरी जागची हलायची नाही.

पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर ओढतात. तेव्हा बॅटऱ्या माहेरपणाला आप्पांच्या घरी येतात. अठ्ठावीस किलोची एकेक, पडावातून, टॅक्सीतून, दोन जिने. गॅलरीत त्यांच्यासाठी पाट आहे. दर रविवारी हायड्रोमीटर निघतो, रबरी फुग्याची काचेची नळी. एकेका खान्यातलं पाणी वर ओढून, नळी डोळ्यांसमोर धरून आप्पा हजेरी घेतात, "बाराशे पासष्ट... बाराशे साठ... चार नंबर जरा मलूल आहे." मग डिस्टिल्ड वॉटर, तेही चार्जिंग झाल्यावर, नाहीतर उतू जातं. आप्पांच्या प्रत्येक सदऱ्यावर बारीक भोकं आहेत. आम्लाचा थेंब उडाला तेव्हा काही दिसत नाही, धुतल्यावर दिसतं. माईंचा खाण्याचा सोडा ढोकळ्यापेक्षा गॅलरीच्या फरशीवरच जास्त खर्ची पडला आहे.

लिथियमचं नाव काढलं की ते खवळायचे. "आत एक सर्किट बसलेलं असतं. त्याला वाटलं की खटकन तोडणार. चालत्या इंजिनाचा अल्टरनेटर जळाला तर भरून कोण देणार?" हे त्यांनी मला दहा वर्षं सांगितलं, थालीपीठ खाताखाता, माझंच.

यंदा ऑक्टोबरात बोट पाण्यात उतरली. मी बंदरावर वाट बघत होतो. आप्पा लांबून आले, एका हातात भाजीच्या पिशवीसारखं काहीतरी. लिथियम आयर्न फॉस्फेट. बारा किलो.

"रसायन सुधारलंय आता," ते म्हणाले. "मोबाइलसारखं पेट घेणारं नव्हे हे." अल्टरनेटरसाठी मधे वेगळा चार्जर बसवल्याचंही सांगितलं. मी मान डोलावली. गेल्या जूनमध्ये दुसऱ्या जिन्याच्या वळणावर बॅटरी पायरीवर टेकवून ते किती वेळ उभे होते, ते मी खालून पाहिलं होतं. मी वर गेलो नाही. गेलो असतो तर त्यांनी ती उचलली असती.

बोटीवर नेहमीप्रमाणे पायऱ्या निघाल्या, आप्पा आत घुसले. "तेरा पॉइंट तीन." मांडव्याला पोचल्यावर, "तेरा पॉइंट तीन." संध्याकाळी वारा पडला, अंधारात दिवे लावून, नांगरलेल्या जहाजांच्या मधून इंजिनावर परत आलो. एकही दिवा मिणमिणला नाही. "तेरा पॉइंट तीन," आप्पा म्हणाले, आणि मीटर खिशात टाकला. या बॅटरीचा व्होल्टेज जवळजवळ संपेपर्यंत हलतच नाही. तिला पाणी लागत नाही, हायड्रोमीटर घालायला तोंडही नाही. परतीच्या वाटेवर आप्पा सुकाणूशी नुसते बसून होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी वर शिडाकडे बघितलं असेल, तर तेव्हा ते गुंडाळलेलं होतं.

पायऱ्या चढताना त्यांनी विचारलं, "तुझ्या घरी इन्व्हर्टर आहे ना रे? पाण्याची बॅटरी?"

"आहे."

"शेवटचं पाणी कधी घातलंस?"

मला आठवेना.

रविवारी सकाळी सातला बेल वाजली. दारात आप्पा, भोकांचा सदरा, काखेत हायड्रोमीटर आणि डिस्टिल्ड वॉटरचा कॅन. चहा नको म्हणाले. अंगठी काढून माझ्या हातात दिली आणि जिन्याखाली उकिडवे बसले. आता फक्त त्यांची पाठ दिसत होती.