वरच्या वहिनी

ज्यांची मुलं शिकूनसवरून मार्गी लागली आहेत, ते आईबाप मुलांच्या अभ्यासाबद्दल कुणाला काही सांगायला जात नाहीत. विचारलंच तर 'होतं हो सगळं' म्हणतात आणि पुन्हा पेपरात डोकं घालतात. सांगणारी माणसं वेगळी असतात. त्यांचं मूल आपल्या मुलाच्या बरोब्बर एक इयत्ता पुढे असतं.

आमच्या वरच्या वहिनी त्यातल्याच. मजल्यानेही वर आणि इयत्तेनेही. त्यांचा चिरंजीव यंदा चौथीत गेला आणि आमची चिमी तिसरीत. म्हणजे तिसरी या विषयावर आमच्या बिल्डिंगीत आता त्यांच्याइतका अधिकारी माणूस नाही. शाळेत बाई आहेत, पण त्या बापड्या दर वर्षी तिसरीच शिकवतात. वहिनी तिसरी भोगून आलेल्या आहेत.

'भावजी, दुसरीपर्यंत मजा असते. तिसरी म्हणजे पाया.' हे त्यांनी मला लिफ्टमध्ये सांगितलं, तेव्हा मे महिना चालू होता आणि माझ्या हातात आंब्याची पेटी होती. मी मान डोलावली. तशी ती मी गेल्या वर्षीही डोलावली होती, कारण तेव्हा दुसरी म्हणजे पाया होता. त्याआधी पहिली. सीनियर केजीच्या वेळी तर 'इथे पाया कच्चा राहिला तर संपलंच' असं ऐकून आमच्या हिने दोन रात्री झोप काढली नव्हती. इतके पाये घातले गेले, पण भिंत उभी राहिल्याचं अजून तरी कुणी कळवलेलं नाही.

बोलताना वहिनी 'आमच्या वेळी' म्हणतात. हा काळ म्हणजे मागच्या वर्षीचा जून ते यंदाचा एप्रिल. 'आमच्या वेळी पुस्तकांचे चार भाग असायचे, आणि धड्यांच्या मध्ये कोरी पानं,' हे त्या अशा आवाजात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, रेशनच्या रांगांची आठवण निघाली आहे. पण त्यात त्यांची चूक नाही. दप्तर हलकं व्हावं म्हणून सरकारने 2023 साली बालभारतीच्या पुस्तकांचे भाग पाडले, त्यांत नोंदींसाठी कोरी पानं घातली आणि 2025 च्या जानेवारीत तो निर्णय मागेही घेतला. दोन वर्षांत एक युग येऊन गेलं. त्या युगात तिसरी काढलेल्या बाईंनी 'आमच्या वेळी' म्हणू नये तर काय म्हणावं? चिरंजीवांनी मात्र त्या कोऱ्या पानांवर एकही नोंद केली नव्हती. तिथे भारत-ऑस्ट्रेलिया पाच कसोट्या झाल्या होत्या, धावफलकासकट.

त्यामुळे ती पुस्तकं आम्हाला देण्यासारखी नव्हती. पण वहिनींनी शब्द दिला होता. माहेरी साताऱ्याला जाऊन त्या भाचीचं जुनं 'परिसर अभ्यास' घेऊन आल्या. खाकी कव्हर घातलेलं, कोपरे न दुमडलेलं. 'सुट्टीत वाचून घ्या. शाळा सुरू होईल तेव्हा चिमी पुढे असेल.'

चिमी खरोखरच पुढे होती. जूनमध्ये बाईंनी विचारलं, आपल्या जिल्ह्यात तालुके किती? तिने ताडकन उठून सांगितलं, अकरा. मोठं धरण? कोयना. आपल्या जिल्ह्यातल्या नद्यांचा संगम कुठे? कराडला. बाईंनी शांतपणे विचारलं, 'बाळ, तू राहतेस कुठे?' तर म्हणे कोथरूड.

तिसरीच्या परिसर अभ्यासाची गंमत अशी, की मूल आधी आपला जिल्हा शिकतं, म्हणून बालभारती त्या पुस्तकाची दर जिल्ह्याला वेगळी आवृत्ती काढते. मुखपृष्ठावर जिल्ह्याचं नावही असतं. पण भाचीच्या आईने कव्हर इतकं चापूनचोपून घातलं होतं की साताऱ्याची टीपही बाहेर फुटली नाही. पुणे जिल्ह्याचे चौदा तालुके आणि खडकवासला-पानशेत आम्हाला नव्याने पाठ करून घ्यावे लागले. चिमी आजही मधूनच महाबळेश्वर आपल्यात आणते. हे सगळं वहिनींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, 'पण उत्तरं किती खणखणीत दिली ना तिने! आणि एक जिल्हा जास्तीचा झाला, तो काय वाया जाणार आहे?'

वहिनींची भाकितं दोन जातींची. पहिली अभ्यासाची, आणि ती बहुतेक बरोबर निघतात. हातच्याच्या बेरजा येणार, उसनं घेऊन वजाबाकी येणार, सातचा पाढा अडणार आणि बाप शिकवायला बसला की भांडण होणार. झालं. मी 'हातचा एक' म्हणालो आणि चिमीने पेन्सिल खाली ठेवली. 'बाबा, बाई असं नाही सांगत. एका दशकाचे दहा सुट्टे करायचे.' मी म्हटलं, उत्तर तेच येतं. ती म्हणाली, 'पण तुमची रीत चुकीची आहे.' बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला हे ऐकावं लागतं. वरून वहिनींचा आवाज आला (आमच्या घरातली भांडणं गॅलरीतून नीट ऐकू येतात), 'भावजी, मी म्हटलं नव्हतं, तुमच्या पद्धतीने शिकवू नका म्हणून?'

दुसरी जात वागण्याची. 'तिसरीत मुलं उलट बोलतात,' 'तिसरीत मैत्रिणी बदलतात,' 'तिसरीत खोटं बोलायला लागतात, पण नीट जमत नाही, त्यामुळे लगेच कळतं.' हेही खरं ठरलं. सोमवारी जिवाभावाची असलेली मैत्रीण बुधवारी कट्टी आणि शुक्रवारी पुन्हा डब्यातल्या पुरणपोळीची वाटेकरी. आम्ही दोघं बुधवारीच अडकून पडलेले असतो. त्या मुलीच्या आईशी बसस्टॉपवर जरा तुटक बोलतो आणि शुक्रवारी तोंडघशी पडतो.

एक गोष्ट मात्र वहिनींनी सांगितली नव्हती. तिसरीत मूल वाचायला लागतं. दुसरीत वाचत नाही असं नाही, पण ते अक्षर लावून, बोट ठेवून. तिसरीत ते नुसतंच वाचतं, आणि जे दिसेल ते. केंद्र सरकारच्या निपुण भारत मोहिमेने 2021 साली जी उद्दिष्टं आखली, त्यात तिसरी संपताना मुलाने मिनिटाला निदान साठ शब्द अर्थ समजून वाचावेत असं आहे. आमच्याकडे हे उद्दिष्ट गणपतीच्या आधीच गाठलं गेलं. मी ऑफिसातून येऊन फोन टेबलावर ठेवला होता. समोर आत्या बसल्या होत्या. चिमीने फोन उचलला आणि वर्गात उभं राहून धडा वाचावा तसं, स्वल्पविराम सांभाळत वाचलं: 'आत्या आल्यात, दोन दिवस म्हणतात पण आठ राहतील, येताना बटाटे आण, आणि घरात शिरताना तोंड सरळ ठेव.' मजकूर हिचा होता. साठच्या वर शब्द झाले नसतील, पण अर्थ सगळ्यांना समजला.

याबद्दल मी वहिनींकडे तक्रार केली, तर म्हणाल्या, 'अय्या, आमचा नाही हो असं वाचत.' आणि पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर जराशी काळजी दिसली.

शाळेच्या 'तिसरी ब'च्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वहिनी अजून आहेत. चिरंजीव चौथीत गेला, तेव्हा ग्रुप सोडायचा प्रघात होता. त्यांनी सोडला नाही. नवे पालक त्यांना बाईच समजतात. गृहपाठ काय, निळी वही कशाची, उद्या रंगीत कपडे की गणवेश, या प्रश्नांना त्या रात्री अकराला उत्तर देतात आणि पुढे टाकतात, 'आत्ता काहीच नाही. दिवाळीनंतर कळेल.' या एका वाक्याने त्यांनी आजवर किती घरांच्या दिवाळ्या खराब केल्या असतील, देव जाणे.

पण हसू तरी किती? एका रात्री साडेनऊला दात घासताना चिमीला आठवलं, की उद्या बियांचा तक्ता न्यायचा आहे. पंधरा दिवसांपूर्वी सांगितलेला. हिला ताप, दुकानं बंद. मी जिना चढून वर गेलो. वहिनींनी एक शब्द विचारला नाही. दिवाणाखालून एक पत्र्याची ट्रंक ओढली. कार्डशीट, घोटीव कागद, फेविकॉल, लोकर, टिकल्या आणि लहान लहान पुड्यांत मूग, मटकी, मसूर, राजमा, चिंचोके, वर नावं लिहिलेली. त्या खाली आल्या, फरशीवर बसल्या आणि साडेअकरापर्यंत चिकटवत राहिल्या. मी राजमा सरळ ओळीत लावत होतो, तर माझ्या हातावर चापट बसली. 'वाकडा लावा! सरळ लावला की बाईंना कळतं, घरच्यांनी केलाय म्हणून.' मग हिला काढा करून दिला, त्यात मिरी जास्त का घालायची तेही सांगितलं आणि जाताना उरलेले मूग पुडीत बांधून परत नेले.

या वर्षी दिवाळीच्या तोंडावर एक बातमी आली. 2016-17 पासून पाचवी-आठवीला गेलेली स्कॉलरशिप परीक्षा पुन्हा चौथी-सातवीला आणायचं सरकारने ठरवलं, आणि तेही याच वर्षापासून. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी वहिनी फराळाचं ताट घेऊन खाली आल्या. चकल्या जरा मऊ होत्या, यावरूनच मी ओळखलं. चौथीची स्कॉलरशिप दिलेलं ताजं मूल त्यांना पुण्यात सापडत नव्हतं. शेवटच्या तुकडीतली मुलं आता कॉलेजात आहेत आणि त्यांच्या आया कशाचीच आठवण काढत नाहीत.

'भावजी,' त्या पदर सारखा करत म्हणाल्या, 'तुमच्या वेळी होती ना हो चौथीला?'

गेली चार वर्षं मी या प्रश्नाची वाट पाहत होतो. चकली बाजूला ठेवली. खुर्चीत मागे रेललो. भाषा आणि गणिताचं एक वेळ होऊन जातं, पण खरी मेख बुद्धिमत्ता चाचणीत असते, हे मी सावकाश, शब्द तोलून सांगितलं. त्या वहीत लिहून घेत होत्या. आरशातल्या आकृत्या, गटात न बसणारा शब्द, रांगेत डावीकडून सातवा तर उजवीकडून कितवा. मी बोलत गेलो. 'चौथी,' मी म्हणालो, 'म्हणजे खरा पाया.'

त्यांनी तेही लिहून घेतलं. मग मान वर करून विचारलं, 'तुम्हाला मिळाली होती ना?'

'वहिनी, चहा टाकलाय,' ही स्वयंपाकघरातून म्हणाली, 'आधी तो घ्या.'