आधी पिनकोड बघा

दिल्लीत मराठी मंडळाच्या गणपतीला एक काका हमखास भेटतात. आरती रंगात आलेली असते आणि काकांची नजर ताम्हनाच्या बुडाकडे. "मुरादाबादी माल, मुद्दाम काळवंडवलेला," शेजाऱ्याच्या कानात एवढं सांगून मगच ते हात जोडतात.

केंद्र सरकारी नोकरीतून निवृत्त, मुक्काम मयूर विहार नाहीतर नोएडा. रविवारी पहाटे जामा मशिदीजवळच्या चोर बाजारात हजर. पिशवीत भिंग आणि लोहचुंबक. 'शुद्ध पितळ' चुंबकाला चिकटलं की त्यांचा दिवस सार्थकी लागतो. सुंदर नगरच्या दुकानांत ते नुसते भाव ऐकायला जातात, खरेदी फुटपाथवर. तीही कसली? बिनाका टूथपेस्टबरोबर फुकट मिळायचा तो प्लास्टिकचा हत्ती, एअर इंडियाचा झुकलेला महाराजा, लक्ष्मणांच्या गट्टूचं चित्र असलेला रंगाचा रिकामा डबा, चावी हरवलेलं पत्र्याचं माकड.

पारख मात्र पक्की, हे मान्य करावं लागतं. 'अंग्रेजों के जमाने की' म्हणून कोणी पत्र्याची पाटी पुढे केली की काका आधी पत्ता वाचतात. त्यात सहा आकडे दिसले की संपलं! पिनकोड आला 15 ऑगस्ट 1972 ला. "आणि आणला कोणी? आमच्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी!" हे ते पाटीवाल्या पोराला हिंदीत इतकं साग्रसंगीत सांगतात की पोरगं विषय संपवायला पन्नास रुपये कमी करतं. डब्यावर किंमत 'नये पैसे'मध्ये असेल तर माल 1957 ते 1964 मधला. खेळण्याच्या पोटाखाली 'मेड इन ऑक्युपाइड जपान' दिसलं, तर मात्र काका एकदम गप्प होतात. महायुद्धानंतर जपान दोस्तांच्या ताब्यात होता, 1952 पर्यंत. तेवढ्या वर्षांचाच हा शिक्का. दुकानदाराला कळलं तर भाव चढायचा.

पाहुण्यांची धडगत नसते. कोणी आजोबांच्या पेटीतलं राम-सीतेचं, 'ईस्ट इंडिया कंपनी, 1818' लिहिलेलं नाणं भक्तिभावाने काढलं की काका खुलतात. कंपनीने असलं नाणं कधी पाडलंच नाही, ही हौसेची टोकनं, हे ऐकेपर्यंत पाहुण्याचा चहा गार.

स्वतःच्या दिवाणखान्यातला पितळी कर्ण्याचा, कुत्र्याच्या चित्राचा ग्रामोफोन मात्र 1910 चाच. त्याला अधिकच्या चिन्हाचे स्क्रू आहेत आणि ते बाजारात आले 1930 च्या दशकात, हे काकांनीच सगळ्यांना शिकवलेलं.

"दुरुस्तीत बदलले असतील."

"सगळेच?" काकू स्वयंपाकघरातून विचारतात.

वस्तूंचे भाव तीन. काकूंना सांगायचा एक, पाहुण्यांना सांगायचा दुसरा आणि खरोखर मोजलेला तिसरा. तो वहीत असतो, वही कुलपात. काकूंच्या भावाने हिशेब धरला तर काका दिल्लीतले सर्वांत स्वस्त गिऱ्हाईक. पाहुण्यांच्या भावाने, लक्षाधीश.

परवा गाझियाबादच्या भाच्याने आजोबांच्या मर्फी रेडिओचा फोटो पाठवला. काय येतील याचे?

"ठेवणार आहेस की विकणार?"

"ठेवीन म्हणतो, मामा."

"मग अनमोल आहे, जप."

"आणि विकला तर?"

"तीनशे. पण आणखी कोणाला दाखवू नकोस, मीच येतो न्यायला."