लागू नसेल ते खोडावे

वारंगा फाट्याला मुद्दाम कुणी येत नाही, इथून जातात मात्र सगळे. नांदेडहून अर्धापूरवरून आलेला रस्ता इथं फुटतो. एक वाट आखाडा बाळापूर, कळमनुरी करत हिंगोलीला जाते, दुसरी हदगाव-उमरखेडवरून यवतमाळ-नागपूरकडे. मधल्या वेळात माणसं खिचडी खातात. खिचडीसाठी फाट्याचं नाव लांबलांब आहे, पण खाणाऱ्याला तालुका विचारा, सांगता येणार नाही. आणि त्यात त्याचा तरी काय दोष? आमचा पत्ता आम्हालाच जपून सांगावा लागतो.

फाटा जागचा तसूभर हललेला नाही, पत्ता मात्र सारखा हिंडतो. सप्टेंबर १९४८ पर्यंत इथं निजाम, मग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्य, १९६० पर्यंत द्विभाषिक मुंबई राज्य, त्यानंतर महाराष्ट्र. आता तरी बसू निवांत, असं म्हणेपर्यंत १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून हिंगोली वेगळा निघाला आणि कळमनुरी तालुक्यासकट आम्ही तिकडे गेलो. काही लोक आयुष्यभर हिंडून एवढी राज्यं पाहत नाहीत. आमच्या म्हाताऱ्यांनी ती बाजेवर बसून पाहिली.

तेव्हा फाट्यावर माझं टायपिंगचं दुकान होतं. मराठीला टाइपरायटर आणि इंग्रजीला कॉम्प्युटर, अशी वाटणी. कॉम्प्युटर एका बंद पडलेल्या टायपिंग क्लासचा, एक्स-टी जातीचा, ६४० के मेमरीचा. बँकेचे अर्ज, विम्याची पत्रं, नोकरीचे अर्ज असं सगळं त्याच्या पोटात साठवलेलं, नाव बदललं की नवा अर्ज तयार. जिल्हा बदलला आणि त्या प्रत्येक अर्जातली ‘परभणी’ एका रात्रीत शिळी झाली. हे अर्ज ज्यात लिहिले त्या वर्डस्टारच्या फ्लॉपीला आदल्या पावसाळ्यातच बुरशी आलेली. मशीन ठणठणीत, मजकूर जागेवर, पण आत शिरून परभणीची हिंगोली करायला हत्यार नाही.

अशात उन्हाळी सुट्टीत भाचा आला. नांदेडला इंजिनिअरिंगला होता, म्हणजे घरातल्या सगळ्या विजेच्या वस्तूंचा वैद्य. “मामा, काय करायलाव?” म्हणत तो दुकानात शिरला, माझी अडचण ऐकली आणि खिशातून फ्लॉपी काढली. त्यात मायक्रो-इमॅक्स नावाचा एडिटर होता. म्हणजे एडिटर नव्हता; एडिटरचा सोर्स कोड होता.

“तयार का नाही आणला?”

“तयार कुणी बी आणतं, मामा. हा पोर्टेबल आहे. कोणत्याही मशीनवर चालतो.”

“मग चालव.”

“तसा नाही चालत. आधी आपलं मशीन कोणतं ते त्याला सांगावं लागतं.”

पोर्टेबल मालाची ही गंमत मला तिथं कळली. जो कुठंही चालतो तो मुळात कुठंच चालत नसतो. प्रत्येक ठिकाणी कुणालातरी घाम गाळून तो तिथला करून घ्यावा लागतो. हा एडिटर डेव्ह कॉनरॉय या माणसाने १९८५ च्या सुमारास लिहिला आणि डॅनियल लॉरेन्सने तो वाढवला. लिनक्सवाला लिनस टोरवाल्ड्स याचीच एक आवृत्ती स्वतःपुरती सांभाळत आला आहे. सी भाषेतला तो कोड दोघा-तिघांच्या हाताखालून जगभर गेला, आणि गेला तिथं कुणी ना कुणी आपल्या मशीनची ओळ त्यात घालून ठेवली.

त्या ओळी ‘ईस्ट्रक्ट-डॉट-एच’ या फाइलमध्ये. भाच्याने ती पडद्यावर उघडली आणि माझा जीव भांड्यात पडला. हा तर फॉर्म होता! श्री./श्रीमती/कुमारी, लागू नसेल ते खोडावे. डावीकडे जगातल्या मशीनांची नावं, पुढे शून्य किंवा एक. आपलं असेल तिथं एक, बाकी सगळीकडे शून्य. तहसीलच्या आवारात घडलेल्या माणसाला याहून सोपं काय असणार?

“आपण अमिगा आहोत का?” भाच्याने विचारलं.

“नाही.”

“अटारी?”

“ती पंजाबात.”

“व्हीएमएस?”

“ते कोण?”

“व्हॅक्स म्हणून कपाटाएवढी मशिनं येतात, त्यांचं.”

“कपाटाला जागा कुठंय? शून्य लाव.”

अशी आमची शून्यं पडत गेली. एमएस-डॉसला एक मिळाला. मग कोड दळून चालता प्रोग्राम काढणारा कंपायलर कोणता? लॅटिस, अझ्टेक, मायक्रोसॉफ्ट असे मानकरी रांगेत होते, पण भाच्याने न विचारताच ‘टर्बो’पुढे एक टाकला. बोर्लंडचा टर्बो सी १९८७ साली आला आणि आपल्या कॉलेजांत असा मुरला की त्याच्या निळ्या पडद्याशिवाय सी भाषा असते, हे पोरांना खरं वाटत नसे. त्यापुढचा रकाना पडद्याचा. एचपी १५०, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स, झेनिथ, अशी श्रीमंत घरची नावं वाचता वाचता आम्ही ‘आयबीएम पीसी’वर थांबलो. आयबीएमला आमचं मशीन आपलं म्हणून दाखवलं असतं, तर त्यांनी ओळख दिली नसती. पण स्वभाव तोच, म्हणून एक.

पडद्याच्या रकान्यामागे मात्र खरं पाणी होतं. हा एडिटर अक्षर छापायला डॉसच्या विनवण्या करत बसत नाही. पडद्याच्या मेमरीत थेट हात घालतो. रंगीत कार्ड असेल तर ती मेमरी बी-८००० पासून सुरू होते, काळ्या-पांढऱ्याला बी-०००० पासून. चुकीच्या दारात अक्षर टाकलं तर ते टाकलं जातं, पण दिसत नाही. आमचं कार्ड रंगीत, सीजीए, म्हणजे आयबीएमच्या १९८१ च्या पहिल्या पीसीबरोबरचं वाण. त्याला एक खोड होती. पडदा रंगवायचं काम चालू असताना कुणी मेमरीत लिहिलं, की पडद्यावर पांढरे ठिपके भुरभुरत. इंग्रजीत त्याला बर्फ म्हणतात. मे महिन्यात, पत्र्याच्या दुकानात, पंखा नुसता गरम हवा ढवळत असताना भाचा गंभीरपणे म्हणाला, “मामा, आपल्याकडं बर्फ पडायला नको म्हणून यात सोय आहे.”

सोय अशी, की पडद्याचा झोत खालच्या कोपऱ्यातून वरच्या कोपऱ्यात परततो, तेवढ्या फटीत लिहून घ्यायचं. त्यासाठी कोड ३-डी-ए या पोर्टला विचारत राहतो, झाला का मोकळा? झाला का? साहेब चहाला उठले की कागद पुढे सरकवायचा, हे अमेरिकेतल्या माणसाला कसं सुचलं कोण जाणे.

पुढचे पर्याय आम्ही भराभर उरकले. रंग हवेत का? हवेत, पैसे पडतात का? फाइलच्या शेवटी कंट्रोल-झेड हवा का? ही डॉसच्या आधीच्या सीपी/एम या सिस्टीमच्या काळातली रीत. तिथं फाइलची लांबी १२८ बाइटांच्या ठोकळ्यांत मोजत, त्यामुळे मजकूर नेमका कुठं संपला ते खूण करून सांगावं लागे. सीपी/एम आमच्याकडे कधी राहायला नव्हता, शून्य. मग कंपाइल. एकामागून एक फाइल दळली जाऊ लागली. शेवटी सगळे तुकडे जोडायची वेळ आली आणि फाट्याची लाइट गेली. लाइटचा रकाना त्या फॉर्ममध्ये नव्हता. कॉनरॉयसाहेब कळमनुरी तालुक्यात राहिले असते तर त्यांनी तो पहिला ठेवला असता.

दुसराही एक रकाना नव्हता, देवनागरीचा. तशी सोय तोवर नव्हती असं नाही. आयआयटी कानपूरला जन्मलेलं आणि पुण्याच्या सी-डॅकने बाजारात आणलेलं जिस्ट कार्ड मशीनच्या खाचेत बसवलं, की डॉसमध्ये मराठी उमटे. पण त्या कार्डाच्या पैशात आमच्यासारखं सेकंडहँड मशीन आलं असतं. आज घरोघर युनिकोड आहे. त्याची युटीएफ-८ ही मांडणी केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर केली. रस्त्याकडेच्या हॉटेलात जेवताना मोठी कामं होतात, हे आम्हाला पहिल्यापासून माहीत आहे. आमच्याकडे सोयरिकी जमतात. त्या मांडणीत इंग्रजी अक्षराला एक बाइट आणि देवनागरीतल्या प्रत्येक खुणेला तीन. नुसतं ‘वारंगा फाटा’ लिहायला ३१ बाइट लागतात, मधली मोकळी जागा धरून. एका बाइटाला एक घर धरणाऱ्या जुन्या एडिटरला आमचं गाव अर्ध्या ओळीएवढं लांब वाटेल. बसमधून तर ते दिसेपर्यंत मागे पडतं.

लाइट आली, तुकडे जोडले गेले, एडिटर उभा राहिला. बर्फ पडला नाही. भाच्याने पहिला अर्ज उघडला, शोधायचं काय आणि घालायचं काय ते सांगितलं. एडिटर प्रत्येक परभणीपाशी थांबून विचारायचा, बदलू का? भाचा म्हणाला, “एकदाच सगळं बदलून टाकू.” मी नको म्हटलं. त्यात शेतकी पदवीधरांचे अर्ज होते. १९७२ पासून परभणीत असलेलं कृषी विद्यापीठ एका बटणानं हिंगोलीला नेऊन ठेवायची जबाबदारी मी घेणार नव्हतो. तेव्हा हो, हो, नाही, हो असं दिवेलागणीपर्यंत चाललं.

शेजारचे हॉटेलवाले काका हे सगळं पानाची पिंक सांभाळत बघत होते. त्यांच्याही पाटीवर ‘जि. परभणी’ होतं. त्यांनी पेंटरला बोलावलं. त्याने परभणीवर चुन्याचा हात मारला, खिचडीची प्लेट खाल्ली, तोवर चुना वाळला, वर जिल्हा लिहून दिला. काका मला म्हणाले, “तुमचं अजून चालूच?”

मी पाटी पाहिली. पेंटरने ‘हिंगोलि’ लिहिलं होतं, ली ऱ्हस्व. असली चूक हुडकून गावभरच्या कागदांतून निपटून काढणारं यंत्र आमच्या दुकानात आता सज्ज होतं, पण फक्त इंग्रजीत.