पस्तीसवर घेणारी माणसं

आमच्या नेकनूरात साठीच्या माणसाला 'बरं हाय का' असं कुणी विचारत नाही. 'गुडघं काय म्हणतेत?' असंच विचारतात. बंकटस्वामींच्या मठात पूर्वी कीर्तनाला सगळे सतरंजीवर मांडी घालून बसायचे. आता भिंतीकडेनं प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची रांग दर साली लांबत चाललीय आणि सतरंजी लेकरांना मोकळी. कपिलधारला उतरताना मन्मथस्वामींचा धावा होतो, त्यातला भक्तीचा किती आणि कळेचा किती, हे स्वामींनाच ठाऊक.

गुडघ्यातली गादी झिजली की दोनच वाटा, अशी गावाची समजूत आहे: वाटी बदला, नाहीतर करंट घ्या. वाटी बदलणं हे पंतप्रधानांचं काम. अटलबिहारी वाजपेयींचा डावा गुडघा ऑक्टोबर २०००मध्ये आणि उजवा जून २००१मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला, तोही अमेरिकेत नावाजलेल्या डॉ. चित्तरंजन राणावतांच्या हातून. आम्ही आपले करंटवाले. एसटी धरून बीड गाठायचं आणि गुडघ्याच्या चारी अंगांना पॅड चिकटवून पडायचं.

तिथल्या फिजिओथेरपीच्या मॅडम आधी छातीत पेसमेकर आहे का, ते विचारतात. असेल तर करंट नाही. मग बटण फिरवतात. "मुंग्या आल्या का काका?" "आल्या." "वाढवू?" इथं माणसाची परीक्षा असते. शेजारच्या खाटेवरचे बप्पा पडद्याआडून सांगतात, "म्या पस्तीसवर घेतो." पस्तीस म्हणजे काय, हे बप्पांना ठाऊक नाही आणि मलाही नाही. पण त्यांच्या शेजारी अठरावर पडून राहायची लाज वाटते. घरी आल्यावर ही म्हणाली, "आवं, एवढ्या करंटवर तर हिरीवरची मोटार चालू झाली असती."

या मुंग्यांमागं शास्त्र आहे. १९६५मध्ये मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी मांडलं, की पाठीच्या कण्यात वेदनेच्या वाटेवर एक दार असतं. मला ते लगेच पटलं, कारण मी बाजाराच्या दिवशीची एसटी पाहिलीय. दारात मुंग्यांची अशी झुंबड उडवून द्यायची, की कळ बिचारी पिशवी घेऊन खालीच उभी. यंत्र गादी भरून काढत नाही. गाडी निघून गेली की कळ पुढची गाडी पकडून येतेच.

करंटचा हा नाद जुना आहे. दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या स्क्रिबोनियस लार्गस नावाच्या वैद्यानं पायाच्या वातावर उपाय लिहून ठेवला: समुद्रकाठच्या ओल्या वाळूत जिवंत विजेरी मासा पायाखाली धरून उभं राहायचं, थेट गुडघ्यापर्यंत पाय बधिर होईस्तोवर. आमच्याकडं हे जमणं कठीण. समुद्राचं सोडा, उन्हाळ्यात आडाला पाणी नसतं, आणि एवढ्या माळकऱ्यांत माशावर उभं कोण राहणार?

एकदा मध्येच लाईट गेली. पंखा बंद, यंत्र बंद, मॅडम बाहेर फोनवर. बप्पा डोळे मिटून पडलेले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "आज लई खोल जातोय बघा करंट."

मी हसलो नाही. बप्पांनी मोठमोठ्या संशोधकांची अडचण एका वाक्यात सांगून टाकली होती. खरं यंत्र आणि करंट न सोडणारं मुकं यंत्र लावून केलेल्या चाचण्यांचा आढावा औषधोपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेनवाल्यांनी २००९मध्ये घेतला, तर ठाम काहीच हाती लागलं नाही. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९च्या शिफारशींत तर गुडघ्यासाठी हा करंट नकोच म्हणून टाकलं. आणि जोर कशावर दिला? व्यायामावर, आणि वजन जास्त असेल तर ते उतरवण्यावर. मॅडमही पहिल्या दिवसापासून तेच सांगतात: टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवा, खाली दाबा, मांडी आवळा, मनात मोजा, सोडा. पण टॉवेलला वायर नसते. ज्याला वायर नाही आणि बिल नाही, त्याला आम्ही इलाज म्हणत नाही.

(दर दिवाळीच्या सुमाराला आमच्या जिल्ह्यातून कोयता घेऊन साखर कारखान्यांकडं जाणाऱ्या बायका डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढतात. त्यांच्या गुडघ्यांना वायरही नाही आणि टॉवेलही नाही. त्यांना मांडीचा व्यायाम सांगायला माझी जीभ रेटत नाही.)

मॅडम मात्र हुशार निघाल्या. बप्पा टॉवेलला बधत नाहीत म्हटल्यावर त्यांनी पॅड लावलेले असतानाच गुंडाळी गुडघ्याखाली सरकवली. "मुंग्या चालू आहेत तोवर दाबत राहायचं, बप्पा. दोन्ही मिळूनच इलाज आहे." बप्पा दात आवळून दाबू लागले. आता ते बिनधरता एसटीची पायरी चढतात आणि वर जाऊन अख्ख्या गाडीला सांगतात, "मॅडमनी आकडा वाढवला. चाळीसवर हाय म्या."